महाराष्ट्र पासिंगचं नसलेलं हेलिकॉप्टर: लढाऊ विमानांचे नंबर आणि नावं कशी पडली

गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. बारावीला आहे, एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात नौदलाच्या एका हेलिकॉप्टरचा फोटो होता आणि खाली लिहिलेलं, एमएच-६०आर. त्यानं पुस्तक माझ्याकडं सरकवलं. "मामा, हे महाराष्ट्र पासिंगचं हाय व्हय?"

विचारलं गमतीनं, पण प्रश्न चांगला होता. आमच्या दारातल्या स्कूटरवरही एमएच-०९ लिहिलेलं आहे. त्यातलं एमएच म्हणजे महाराष्ट्र, ०९ म्हणजे कोल्हापूरचं आरटीओ, मग सिरीजची अक्षरं आणि शेवटी आकडे. कोल्हापूरचा कुणीही माणूस पुण्याच्या सिग्नलला उभा राहून गावाकडची गाडी ओळखतो, ती या पाटीवरून. विमानाचा नंबरही असाच वाचता येतो, फक्त त्याची रीत ठाऊक पाहिजे.

एमएच-६०आर वाचायला सुरुवात करायची ती आडव्या रेघेच्या लगेच डावीकडच्या अक्षरापासून. एच म्हणजे हेलिकॉप्टर. उजवीकडचा ६० हा त्या आराखड्याचा क्रमांक. मग परत डावीकडं: एम म्हणजे एकाच यंत्राकडून अनेक कामं, म्हणजे पाणबुडी शोधणं, जहाजावर हल्ला, बुडणाऱ्याला वर काढणं. आणि सगळ्यात शेवटचा आर? मी उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पार्ट नंबर असतो आणि त्याच्यापुढं रिव्हिजन: ए, बी, सी. पार्ट तोच, पण कुठं भोक वाढलं, कुठं माप बदललं की अक्षर पुढं सरकतं. विमानाच्या नंबरातलं शेवटचं अक्षर अगदी हेच काम करतं. याच ६० क्रमांकाचं लष्करी भावंड म्हणजे यूएच-६०, ब्लॅक हॉक. तिथलं यू म्हणजे पडेल ते काम करणारं. भारतीय नौदलानं २०२० मध्ये अशी २४ एमएच-६०आर घ्यायचा करार केला आणि मार्च २०२४ मध्ये कोचीला त्यांची पहिली तुकडी उभी राहिली. नौदलात त्याला कुणी पूर्ण नंबरानं बोलावत नाही. रेडिओवर आर हे अक्षर 'रोमिओ' असं उच्चारतात, म्हणून हेलिकॉप्टर झालं रोमिओ.

म्हणजे एका यंत्राला कागदावरचा नंबर असतो, बारशाचं नाव असतं (याचं सीहॉक) आणि वर हाक मारायचं नाव असतं. माणसाचंही असंच असतं. आधार कार्डावर एक, पत्रिकेत दुसरं आणि तालमीत तिसरंच. लढाऊ विमानांच्या बाबतीत एक चौथाही प्रकार आहे, शत्रूनं ठेवलेलं नाव. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात जो फरक आहे, तो समजला की ही सगळी भानगड निम्मी समजली. विमानाच्या नावाच्या मागं नेहमी कुणीतरी बसलेलं असतं: बनवणारा, विकत घेणारा, उडवणारा, नाहीतर त्याला भिणारा.

एक गोष्ट आधीच वेगळी काढतो, कारण पोरं इथं हमखास गोंधळतात. शेपटीवर रंगवलेला नंबर वेगळा. तो त्या एका विमानाचा, जशी एका गाडीची नंबरप्लेट. आपल्या दोन आसनी राफेलवर आरबी ही अक्षरं आहेत आणि एक आसनीवर बीएस. ती हवाई दलाच्या दोन प्रमुखांची आद्याक्षरं आहेत, राकेश भदौरिया आणि बिरेंदर सिंग धनोआ. हा त्या दोघांचा सन्मान आहे, विमानाच्या जातीशी त्याचा संबंध नाही. मी इथं सांगतोय ते जातीच्या नावाबद्दल.

सुरुवातीला तर नाव-नंबर असा भेदच नव्हता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या सरकारी कारखान्यानं विमानांना अक्षरं दिली ती घडणीवरून. पंखा पुढं असलेलं विमान ब्लेरिओ या फ्रेंच माणसाच्या पद्धतीचं, म्हणून बी.ई., आणि पंखा मागं असलेलं फार्मानच्या पद्धतीचं, म्हणून एफ.ई. आपला इंद्रलाल रॉय ज्या विमानावर लढला आणि १९१८ मध्ये वयाच्या अवघ्या १९व्या वर्षी गेला, ते एस.ई.५ए. म्हणजे 'स्काउट एक्सपेरिमेंटल', टेहळणीचं प्रायोगिक विमान. याच युद्धात हरदितसिंग मलिक उडवत होते ते सॉपविथ कंपनीचं विमान. त्याचा कागदावरचा नंबर एफ-१. त्याच्या दोन मशीनगनवर पत्र्याचं झाकण होतं आणि ते उंटाच्या मदारीसारखं वर आलेलं. म्हणून वैमानिकांनी त्याला 'कॅमल' म्हणायला सुरुवात केली. आज एफ-१ कुणाला आठवत नाही. जगभर ते उंटच आहे.

ब्रिटिशांना नाव ठेवायची आवड फार जुनी. याचा एक पुरावा आपल्या गावाच्या नावाचा आहे, आणि तो फार थोड्या कोल्हापूरकरांना माहीत असतो. १९३४ मध्ये ग्लासगोत बांधलेल्या एका वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या चाकावर वळणदार पितळी पाटी आहे: कोल्हापूर. ज्युबिली वर्गातल्या इंजिनांना त्यांनी साम्राज्यातल्या मुलखांची, संस्थानांची, आरमारी सेनापतींची नावं दिली, त्यात आपल्या संस्थानाचं नाव लागलं. त्याचा नंबर ५५९३. १९४८ मध्ये तिथली रेल्वे सरकारी झाली तेव्हा त्या कंपनीच्या बहुतेक इंजिनांच्या नंबरात ४०,००० मिळवले, म्हणून आपलं कोल्हापूर झालं ४५५९३. ते इंजिन आजही जतन करून ठेवलंय. नंबर बदलला, नाव राहिलं.

विमानांना नाव देताना ब्रिटिशांनी कामानुसार कप्पे केले होते. बॉम्बफेकी विमानांना साम्राज्यातल्या शहरांची नावं, लँकेस्टर, हॅलिफॅक्स, मँचेस्टर. शिकाऊ वैमानिकांच्या विमानांना विद्येशी नातं सांगणारी नावं, ट्यूटर, ऑक्सफर्ड, हार्वर्ड. समुद्रावरच्या विमानांना मासे, म्हणजे स्वोर्डफिश, बॅराकुडा. लढाऊ विमानांना वेग आणि जोर सांगणारी नावं, हरिकेन, टायफून, टेम्पेस्ट. वर काही कंपन्यांची घरची रीत. हॉकर कंपनीची बरीच विमानं 'एच' वरून: हार्ट, हरिकेन, हंटर, पुढं हॅरियर आणि हॉक. वेस्टलँडची 'डब्ल्यू' वरून. एकाच घरातल्या भावंडांची नावं एका अक्षरावरून ठेवावीत तसं. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती वेस्टलँडच्या चार वापिटी विमानांवर. वापिटी हे उत्तर अमेरिकेतलं मोठं सांबर. आपल्या हवाई दलाच्या पहिल्या विमानाचं नाव अशा प्राण्याचं होतं, जो इथल्या कुणी पाहिलाही नव्हता.

आणि स्पिटफायर. हे नाव सुचवलं व्हिकर्स कंपनीच्या सर रॉबर्ट मॅक्लीन यांनी. आपल्या मुलीला, अ‍ॅनला, ते लाडानं असंच म्हणायचे. स्पिटफायर म्हणजे बोलता बोलता फणकारणारी पोरगी. आपल्याकडं अशा पोरीला लवंगी मिरची म्हणतात. विमानाची रचना करणाऱ्या मिचेल यांना ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. पण १९३६ मध्ये उडालेल्या त्या विमानाला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं असं आज वाटत नाही.

ब्रिटिश नंबर देत नाहीत असं मात्र नाही. ते नावापुढं कामाचं अक्षर आणि 'मार्क' लावतात, म्हणजे कितवी आवृत्ती. इथं भारताशी जोडलेला एक मजेदार धागा आहे. परदेशी गिऱ्हाईकांच्या आवृत्त्यांना त्यांनी पन्नासच्या घरातले आकडे दिले. आपण घेतलेलं हंटर हे त्यांच्या एफ-६ वरून बनलेलं, त्याचा नंबर झाला एफ-५६. त्यांचं कॅनबेरा बीआय-८, आपलं बीआय-५८. त्यांचं छायाचित्रं टिपणारं कॅनबेरा पीआर-७, आपलं पीआर-५७. त्यांच्या नौदलाचं सी हॅरियर एफआरएस-१, विराट या युद्धनौकेवरून उडायचं ते आपलं एफआरएस-५१. प्रत्येक वेळी सरळ ५० मिळवले की जमतंय! याला पक्का नियम मात्र समजू नका. डेन्मार्कचं हंटर एफ-५१ होतं आणि ते एफ-४ वरून बनवलेलं. पण १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे फोडणाऱ्या हंटरांच्या नंबरात तो ५६ का होता, हे आता तुम्हाला कळलं. आपण गिऱ्हाईक होतो, म्हणून.

अमेरिकनांचा स्वभाव उलटा. आधी नंबर, नाव नंतर. पण त्यांनी नंबराचा जो घोळ घातला होता, तसा दुसऱ्या कुणी घातला नसेल, आणि तो निस्तरला कसा ही या सगळ्या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं दोन पद्धती शेजारी शेजारी चालायच्या. भूदलाच्या विमानांची सोपी: कामाचं एक अक्षर आणि क्रमांक. बी म्हणजे बॉम्बर, सी म्हणजे कार्गो, पी म्हणजे परस्यूट, पाठलाग. पी-५१ ते मस्टँग, आणि हे मस्टँग नाव दिलं ब्रिटिशांनी. नौदलाची पद्धत मात्र अशी की तिच्यात कारखान्यालाही एक अक्षर होतं. एफ४यू म्हणजे एफ फायटर, यू हे व्हॉट कंपनीचं अक्षर, आणि ४ म्हणजे त्या कंपनीचं चौथं फायटर. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं. पण युद्धात मागणी वाढली, एक कारखाना पुरेना, दुसऱ्यांनाही तेच विमान बनवायला दिलं. मग एफ४यू कॉर्सेअर गुडइयरनं बनवलं की त्याचं नाव एफजी, ब्रूस्टरनं बनवलं की एफ३ए. विमान एकच, नंबर तीन. आमच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंग एक, कास्टिंग एक, आणि शिरोलीत ओतलं की एक पार्ट नंबर, गोकुळ शिरगावात ओतलं की दुसरा. स्टोअरवाल्यानं काय करावं?

१९४७ मध्ये अमेरिकेचं हवाई दल भूदलापासून वेगळं झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी पाठलागाचा पी काढून फायटरचा एफ आणला आणि पी-५१ चं एफ-५१ झालं. नौदल आपल्या जागी हललं नाही. मग फँटम हे विमान आलं. बनवलेलं नौदलासाठी, म्हणून नंबर एफ४एच. ते इतकं उत्तम निघालं की हवाई दलालाही हवं झालं. त्यांनी आपल्या रांगेतला पुढचा नंबर दिला, एफ-११०. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा. मोटार कंपनीतून आलेला, हिशेबाला पक्का माणूस. त्यांच्यासमोर एकाच विमानाच्या दोन फायली दोन नंबरांनी येणार. १८ सप्टेंबर १९६२ रोजी हुकूम निघाला: भूदल, नौदल, हवाई दल, तिघांची एकच पद्धत, आणि फायटरांचे आकडे पुन्हा एकपासून. एफ४एच आणि एफ-११० दोन्ही पुसून एफ-४ फँटम झालं. आज बातम्यांत येणारे एफ-१५, एफ-१६, एफ-२२ हे सगळे त्या दिवशी सुरू झालेल्या रांगेतले.

त्या पद्धतीतलं एक बारीक शहाणपण: रिव्हिजनच्या अक्षरांत आय आणि ओ वापरत नाहीत, कारण ते १ आणि ० सारखे दिसतात. आपल्या गाड्यांच्या सिरीजमध्येही ही दोन अक्षरं टाळतात, त्याच कारणानं. मग भारतीय नौदलाचं पी-८आय कुठून आलं? अमेरिकेचं ते पी-८ए. आपल्या विमानातला आय हा आवृत्तीचा नव्हे, इंडियाचा. बोईंगनं गिऱ्हाईकासाठी लावलेला. आणि इथला पीही पाठलागाचा नव्हे. पाठलागाचा पी १९४८ मध्ये गेला. हा गस्तीचा, पॅट्रोलचा. एकाच अक्षराला काळाप्रमाणं वेगळा अर्थ येतो, हे लक्षात न घेता पाठांतर केलं की परीक्षेत चुकायला होतं.

अक्षर कुठल्या देशाचं हेही बघावं लागतं. सी-१३० आणि सी-१७ मधला सी कार्गोचा. पण आपण घेतलेल्या सी-२९५ मधला सी हा कासा या स्पॅनिश कंपनीचा. दोन्ही मालवाहू, दोन्ही भारतीय हवाई दलात, आणि दोन्ही सींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

नियम केला म्हणजे सगळे पाळतात असंही नाही. फायटरांच्या रांगेत १३ टाळला. १७ या नंबराचं विमान १६ शी स्पर्धा हरलं, तेच सुधारून नौदलानं १८ म्हणून घेतलं. १९ कुठं दिसलाच नाही, कारण नॉर्थ्रॉप कंपनीला २० हवा होता. एफ-३५ चं तर रांगेशी काही देणंघेणं नाही. चाचणीच्या वेळी त्याचा नंबर एक्स-३५ होता, एक्स म्हणजे प्रायोगिक. २००१ मध्ये निवड जाहीर झाली तेव्हा रांगेप्रमाणं २४ यायला हवा होता, पण ३५ चिकटला तो चिकटला. मला ही चूक आवडत नाही. पद्धत मोडायला एक दिवस पुरतो आणि नंतर शिकणाऱ्या प्रत्येक पोराला 'मधले कुठं गेले?' हा प्रश्न पडत राहतो.

रशियनांनी हे सगळं फार सरळ ठेवलं. १९४० च्या सुमारास त्यांनी ठरवलं की विमानाला ते घडवणाऱ्याचं नाव. सुखोई, इल्युशिन, तुपोलेव्ह, अँटोनोव्ह. आमच्याकडं कुठलंही यंत्र एखाद्या मिस्त्रींच्या नावानं ओळखतात ना, तसंच. मिग या शब्दात तर दोन माणसं आहेत. मिकोयानचा 'मि', गुरेविचचा 'ग', असं आपण समजतो. पण मधला 'इ' हा रशियन भाषेतला 'आणि' आहे. मिकोयान इ गुरेविच. बहुतेक रशियन फायटरांचे आकडे विषम, २१, २३, २५, २७, २९, हेही पोरांनी लक्षात ठेवायला सोपं. सुखोई-३० सम दिसतं, पण ते सुखोई-२७ च्या वंशातलं. त्याच्या मागचं एमकेआय रशियन शब्दांचं आहे: आधुनिक केलेलं, व्यापारी म्हणजे निर्यातीचं, भारतीय. मलेशियासाठी शेवटचं अक्षर एम झालं, अल्जेरियासाठी ए. नंबरातच गिऱ्हाईक.

मिग-२१ ची अक्षरं मात्र खूप. एफ-१३, एफएल, एम, बिस. बिस हा लॅटिन शब्द, अर्थ 'दुसऱ्यांदा'. हवाई दलातली जुनी माणसं ही नावंही घेत नाहीत. ती कारखान्याच्या आकड्यांनी बोलतात: टाइप ७७ म्हणजे एफएल, टाइप ९६ म्हणजे एम, टाइप ७५ म्हणजे बिस. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथं घरटी एक माणूस फौजेत, कुणी निवृत्त टेक्निशियन भेटला आणि 'सेव्हंटी-सेव्हन' म्हणाला तर तो कशाबद्दल बोलतोय ते आता ओळखता येईल.

आता 'नावं ठेवणं'. शीतयुद्धात रशियन विमानाचं खरं नाव पाश्चिमात्यांना बरेचदा कळायचंच नाही. फोटो यायचा, नाव नाही. रेडिओवर सांगायचं काय? म्हणून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांच्या समितीनं स्वतःच नावं दिली. त्यांनाच लोक नाटोची नावं म्हणतात. रीत साधी: पहिलं अक्षर काम सांगतं. एफ फायटर, बी बॉम्बर, सी मालवाहू, एच हेलिकॉप्टर, एम इतर. आणि विमानांत, इंग्रजी उच्चारात एक ठोका असेल तर पंख्याचं, दोन ठोके असतील तर जेट. बेअर: एक ठोका, म्हणजे पंख्याचं बॉम्बर, तुपोलेव्ह-९५. बॅजर: दोन ठोके, जेट. फिशबेड म्हणजे मिग-२१, फ्लॉगर म्हणजे मिग-२३ आणि २७, फलक्रम म्हणजे मिग-२९. रेडिओवर खरखरीतून अर्धा शब्द आला तरी समोर काय आहे ते कळावं, हा हेतू. नाव शत्रूचं कौतुक करणारं नसावं याचीही काळजी घ्यायचे. मिग-१५ ला आधी 'फाल्कन' म्हटलं होतं, म्हणजे ससाणा, आणि मग ते बदलून 'फॅगट' केलं, सरपणाची मोळी. ससाण्याची मोळी झाली!

या यादीत आपल्याला चकवणारं एक नाव आहे. मी-२५ आणि मी-३५ ही रशियन लढाऊ हेलिकॉप्टरं आपल्या हवाई दलानं घेतली. त्यांचं नाटो नाव वाचून भाचा खूश झाला, "मामा, हिंद!" कोल्हापुरात हिंद म्हटलं की डोळ्यासमोर हिंदकेसरी येतो, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे येतात, खासबाग मैदान येतं. पण स्पेलिंग तेच असलं तरी उच्चार हाइंड, आणि अर्थ हरणाची मादी. एच हवा होता म्हणून शब्दकोशातून काढलेला शब्द, हिंदुस्थानशी त्याचा संबंध नाही.

ही युक्ती पहिल्यांदा वापरली ती जपान्यांवर. जपानी विमानं सैन्यात आल्याच्या वर्षावरून ओळखत, पण वर्ष त्यांच्या सम्राटांच्या शकाचं. जशी आपली शके, तसा त्यांचा वेगळा. १९४० म्हणजे त्यांचं २६०० वं वर्ष, शेवटचा आकडा शून्य, म्हणून ते विमान 'झीरो'. हे समोरच्याला कळायला कठीण. म्हणून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात बसून फ्रँक मॅकॉय या अमेरिकन अधिकाऱ्यानं फायटरांना पुरुषांची आणि बॉम्बरांना बायकांची नावं वाटली. झीरो झालं 'झीक'. जर्मनांनी कारखान्याचं नाव आणि आकडा लावला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. चिन्यांचं एकच सांगतो: त्यांचं जे-७ म्हणजे मिग-२१ ची प्रत. परदेशात विकताना मात्र त्याला एफ-७ असं अमेरिकन वळणाचं नाव लावलं. पाकिस्ताननं घेतलं ते एफ-७ हे. त्यातला एफ बघून फसू नये.

आता आपलं. भारतानं बाहेरून घेतलेल्या विमानांचं पुन्हा बारसं केलं, आणि ते मन लावून केलं. सुरुवात झाली १९५३ मध्ये आलेल्या फ्रेंच उरागाँपासून. उरागाँ म्हणजे चक्रीवादळ, आपण म्हटलं तूफानी. सरळ भाषांतर. मग ब्रिटिश नॅट आलं. नॅट म्हणजे चिलट! १९६५ मध्ये या चिलटानं पाकिस्तानी सेबर विमानं पाडली आणि नाव कमावलं, आणि पुढं आपण ते सुधारून स्वतः बनवलं तेव्हा नाव ठेवलं अजित. चिलटाचा अजिंक्य झाला तो असा. मिग-२७ बहादूर, मिग-२९ बाझ, जग्वार शमशेर, मिराज-२००० वज्र. मालवाहू इल्युशिन-७६ गजराज, अँटोनोव्ह-३२ सतलज. मी-८ हेलिकॉप्टर राणा आणि त्याच्याच पुढचं मी-१७ प्रताप. या दोघांच्या शेजारी आधीपासून एक फ्रेंच हेलिकॉप्टर होतं, अल्युएत. फ्रेंच अर्थ चंडोल पक्षी. आपण त्याला चेतक केलं होतं. राणा, प्रताप आणि चेतक, सगळे एका गोटात आले.

ही नावं किती टिकली, हे मात्र वेगळं. चेतक टिकलं. गजराज बऱ्यापैकी. बाकी कारगिल असो वा बालाकोट, वर्तमानपत्रात छापून आलं ते मिराजच, वज्र नव्हे. मिग-२१ ला तर कुणी दुसऱ्या नावानं ओळखलंच नाही; १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडहून निरोप घेतला, तोवर ते मिगच होतं. सुखोईला तर असं नाव कधी रुजलंच नाही आणि त्याचं कुणाचं अडलंही नाही. मला वाटतं, जीभ ज्या नावाला आधी लागते तेच टिकतं. कागदी हुकुमानं हाक बदलत नाही. अमेरिकेतही तेच. ए-१० चं अधिकृत नाव थंडरबोल्ट, वैमानिक म्हणतात वॉर्टहॉग, रानडुक्कर. एफ-१११ ला लांब नाकामुळं सगळे आर्डवार्क म्हणायचे, आफ्रिकेतला मुंग्या खाणारा प्राणी. हवाई दलानं ते नाव अखेर मान्य केलं, १९९६ मध्ये, विमानाच्या निवृत्तीच्या समारंभात.

आपण स्वतः बनवलेल्या विमानांची अक्षरं हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं छान सोपी ठेवली. एचएफ-२४ मारुत: हिंदुस्थान फायटर, पहिलं उड्डाण १७ जून १९६१. एचजेटी-१६ किरण: हिंदुस्थान जेट ट्रेनर. एचपीटी-३२ दीपक, त्यात पी पिस्टनचा. एचटीटी-४० मध्ये मधला टी टर्बोचा. नावांकडं बघा: किरण, दीपक, आणि २००३ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी दिलेलं तेजस. कितीतरी नावं उजेडाची. तेजस मार्क-१ए मधला मार्क मात्र ब्रिटिशांकडून आलेला आणि अजून गेलेला नाही.

राहिला चीता. हे अल्युएतच्याच घराण्यातलं हेलिकॉप्टर, फ्रेंच नाव लामा. नाव ऐकलं की उंच डोंगराळ मुलूख आठवतो, आणि काम तेच: १९७२ मध्ये ज्याँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटरवर नेऊन विक्रम केला होता. आपलं चीता सियाचिनला जवानांना रसद पोचवतं. चित्ता हा गवताळ माळावर धावणारा प्राणी, बर्फाशी त्याचं काय नातं? लामा हे नाव त्याला जास्त शोभलं असतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण कोल्हापूरकराला चित्ता परका नाही. दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळत. त्यांचा चित्तेखाना होता, सांभाळणारे चित्तेवान होते. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले. भाच्याला मी मोबाइलवर एक जुना फोटो काढून दाखवला. बैलगाडीवर बसवलेला चित्ता, कमरेला दोर, शेजारी चित्तेवान, आणि सावज दिसेपर्यंत डोळ्यांवर चढवलेली चामड्याची टोपी.

त्यानं फोटो बराच वेळ बघितला. मग पुस्तक परत ओढलं आणि पान उलटून विचारलं, "मामा, एएच-६४ई. थांबा, सांगू नका. एच हेलिकॉप्टर, ए म्हणजे हल्ला करणारं, आणि ई रिव्हिजन. म्हणजे ए, बी, सी, डी होऊन गेले?"